‘कदाचित’ म्हणणाऱ्या बाई

इतिहासाचे पुस्तक हाती घेतले की आपल्या वाचकाला एक घाई असते. त्याला निकाल हवा असतो. अमुक सरदार फितूर होता की नव्हता? तमुक राणीने खलिता धाडला की नाही? हो की नाही, एवढे सांगून लेखकाने मोकळे व्हावे अशी आपली अपेक्षा. त्याने मध्येच कुठे ‘कदाचित’ असा शब्द घातला की आपण खट्टू होतो. ‘अहो, तुम्हांलाच ठाऊक नाही तर पुस्तक कशाला लिहिलेत?’ असा प्रश्न ओठांवर येतो.

एरवी या सदरात मी आठवड्याला एखादे नवे-जुने पुस्तक घेऊन चार ओळी खरडतो. दिवाळीला संपादक जरा सैल हाताने पाने देतात, म्हणून यंदा एका पुस्तकाऐवजी एका बाईंविषयीच लिहावे म्हणतो. या बाईंनी जन्मभर युरोपच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या माणसांचे विचार, त्यांची पुस्तके आणि त्यांच्या समजुती यांचा अभ्यास केला, आणि ‘कदाचित’ या शब्दाला इतिहासाच्या पंगतीत मानाचा पाट मिळवून दिला. त्यांचे नाव नॅटली झेमन डेव्हिस. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅनडात टोरांटो येथे वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. आपल्याकडे त्यांची ओळख इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरतीच राहिली आहे. ती चार घरांत व्हावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

बाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९२८ चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, एका ज्यू कुटुंबातला. वडील कापडाच्या धंद्यात होते. मुलगी हुशार म्हणून स्मिथ कॉलेजात गेली. तिथे तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो पिएत्रो पोंपोनाझ्झी या इटालियन तत्त्वज्ञाचा. या गृहस्थाने १५१६ साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले, की आत्म्याचे अमरत्व श्रद्धेने मानता येईल, पण तर्काने ते सिद्ध करून दाखवता येणार नाही. त्यावर मोठी खळबळ माजली. ‘इथपर्यंत मला समजते, यापुढे समजत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसापासून बाईंनी आरंभ केला, हे पुढचे सारे पाहिले म्हणजे मोठे समर्पक वाटते.

एकोणिसाव्या वर्षी त्यांची चँडलर डेव्हिस या तरुण गणितज्ञाशी गाठ पडली आणि थोड्याच आठवड्यांत दोघांनी लग्न केले. मुलगा ज्यू नव्हता, त्यामुळे माहेरची मंडळी नाराज झाली. अशा गोष्टी डेट्रॉइटमध्येही होतात आणि डोंबिवलीतही होतात. असो. लग्नानंतर बाईंनी शिक्षण सोडले नाही. आधी हार्वर्डला आणि मग मिशिगन विद्यापीठात त्यांचा अभ्यास चालू राहिला.

त्या काळी विचारांचा इतिहास म्हणजे थोरामोठ्यांच्या ग्रंथांचा इतिहास असे समीकरण होते. एरॅस्मसने काय लिहिले, ल्यूथरने त्यावर काय म्हटले, आणि ते कोणाला पटले नाही. बाई या वाटेनेच निघाल्या होत्या. पण वाचता वाचता १५२९ साली फ्रान्समधल्या लियों शहरात धान्याच्या महागाईपायी झालेल्या एका दंग्याची हकीकत त्यांच्या नजरेस पडली, आणि त्यांचे लक्ष ग्रंथकारांवरून त्या शहरातल्या कामकरी माणसांकडे वळले. ग्रंथ लिहिणारे पुष्कळ झाले; पण त्या ग्रंथांचे खिळे जुळवणारे, शाई लावणारे, दाबयंत्र ओढणारे हात कोणाचे होते? आणि त्या हातांच्या धन्यांना स्वतःचे असे काही विचार होते की नाही?

लियों हे ऱ्होन आणि साओन या दोन नद्यांच्या संगमावरचे गाव. मोठमोठ्या जत्रा, रेशमाचा व्यापार आणि छापखाने. छपाईत फ्रान्समध्ये पॅरिसच्या खालोखाल त्याचा नंबर. १९५२ च्या वसंतात बाई तिथे गेल्या आणि सहा महिने दप्तरखान्यात बसल्या. करवसुलीच्या याद्या, नोटरींचे करारनामे, गोरगरिबांना भाकरी वाटणाऱ्या संस्थेचे हिशेब अशा रुक्ष कागदांतून त्यांनी छापखान्यातली माणसे एकेक करून वेचून काढली आणि कार्डांवर टिपून घेतली.

या छापखान्याच्या कामगारांची एक गुप्त मंडळी होती. तिला ‘ग्रिफारें’ म्हणत. नव्या गड्याला रीतसर शपथ देऊन आत घेत. १५३९ साली त्यांनी मोठा संप केला. तक्रारी कोणत्या? मजुरी कमी आहे, उमेदवार पोरांना फुकट राबवून आमच्या पोटावर पाय आणतात, आणि मालकाच्या घरचे जेवण धड नसते! जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचा संप, पण मागण्यांची यादी वाचून गिरणगावात वाढलेल्या माणसाला परके वाटू नये.

बाईंच्या मनात एक अटकळ होती. त्या काळच्या डाव्या विचारांच्या तरुण अभ्यासकांप्रमाणे त्यांनाही वाटत होते, की नवा प्रॉटेस्टंट धर्म कोण स्वीकारील ते त्याच्या आर्थिक वर्गावरून ठरत असावे. मालक एका बाजूला, मजूर दुसऱ्या बाजूला. कार्डे मोजली तेव्हा हिशेब जुळेना. प्रॉटेस्टंटांत श्रीमंतही होते, गरीबही होते. छपाईसारख्या नव्या, कसबी आणि थोडीफार अक्षरओळख लागणाऱ्या धंद्यांतले लोक तिकडे अधिक गेले होते. खाटीक, भटारी, धान्याचे व्यापारी कमी. छापखान्याचे मजूर प्रथम मोठ्या उत्साहाने फ्रेंच भाषेतली स्तोत्रे गात रस्त्यांतून मिरवले. पण पुढे नव्या धर्माच्या पाद्र्यांना त्यांची ती शपथेची गुप्त मंडळी खपेना. तेव्हा यांतले कितीतरी जण मुकाट्याने जुन्या चर्चमध्ये परतले. मालक आणि मजूर एकाच धर्मात गेले, तरी मालक मालक राहिला आणि मजूर मजूर. बाईंनी अटकळ बाजूला ठेवली आणि कार्डांनी सांगितले ते लिहिले. अभ्यासकाची परीक्षा असते ती याच ठिकाणी.

परंतु हा प्रबंध पुरा व्हायला १९५९ साल उजाडले, आणि त्याला कारण घडले ते अमेरिकेच्या सरकारचे.

ते दिवस कम्युनिस्टांच्या शोधाचे होते. अमेरिकेच्या लोकसभेची एक समिती गावोगाव फिरून प्राध्यापक, लेखक, नट यांना समोर बसवी आणि विचारी : तुम्ही त्या पक्षाचे आहात का? कधी होता का? तुमच्याबरोबर आणखी कोण होते? या समितीचे वाभाडे काढणारी एक पत्रिका १९५२ साली मिशिगन विद्यापीठाच्या परिसरात निघाली. तिच्यावर कोणाचे नाव नव्हते. मजकुरासाठी संशोधन आणि लेखन केले होते ते मुख्यतः नॅटलीबाईंनी, एका मैत्रिणीच्या साह्याने. पण छापण्याचे बिल चुकते केले होते चँडलर यांनी, आणि ते नाव सरकारच्या हाती लागले. बाई लियोंहून परतून फार दिवस झाले नव्हते, तोच सरकारी माणसे दारात उभी राहिली आणि नवराबायकोंचे पासपोर्ट घेऊन गेली.

वाचकहो, इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरखान्याची वाट बंद होणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. कागदांच्या पायी राजवाडे गावोगाव कसे हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर नि तळघरांत कसे शिरले, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना कोणी घराबाहेर पाऊल टाकण्याचीच बंदी केली असती तर? बाईंचे सारे कागद समुद्रापलीकडे, आणि त्या अलीकडे.

नवऱ्याचे प्रकरण तर पुढेच गेले. १९५४ साली चँडलर यांना समितीपुढे उभे केले. ते काही काळ पक्षाचे सभासद होते. पण त्यांनी उत्तर द्यायचे नाकारले. इतर बरेच लोक ‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको’ या कलमाचा आधार घेत. त्याने शिक्षा टळत असे. चँडलर यांनी मुद्दाम ते कलम वापरले नाही. विचारांचे स्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीवर त्यांनी बोट ठेवले : माझी मते विचारण्याचा अधिकारच तुम्हांला नाही. विद्यापीठाने त्यांना कामावरून काढले. समितीचा अवमान केला म्हणून खटला झाला, वरच्या कोर्टापर्यंत गेला, आणि १९६० साली त्यांनी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या तुरुंगात सहा महिने काढले. तिथे त्यांनी गणिताचा एक निबंध लिहिला आणि त्याच्या तळटीपेत, हे संशोधन अंशतः तुरुंग खात्याच्या साह्याने झाले असले तरी त्यातली मते त्या खात्याची असतीलच असे नाही, अशा अर्थाची गंभीर चेहऱ्याने नोंद केली. माणूस मोकळा होता एवढे खरे.

इकडे घरात तीन लहान मुले, कायमची नोकरी कोणालाच नाही, आणि बाईंच्या हाती सहा महिन्यांत टिपलेली कार्डे. त्यांनी काय करावे? न्यूयॉर्कच्या आणि इतर ठिकाणच्या ग्रंथालयांत सोळाव्या शतकात छापलेली मूळ पुस्तके होती. दप्तर नाही तर पुस्तक, असे म्हणून बाई तिथे जाऊन बसल्या. लियोंच्या छापखान्यांतून बाहेर पडलेली तीच पुस्तके अटलांटिक ओलांडून आधीच येऊन राहिली होती. त्यांना पासपोर्ट लागला नव्हता!

आणि इथे खरी गंमत आहे. ही पुस्तके बाईंनी विद्वानांच्या रीतीने वाचली नाहीत. आतला सिद्धान्त कोणता एवढेच त्या पाहत नव्हत्या. प्रस्तावना कोणाला उद्देशून आहे, अर्पण कोणाला केले आहे, आकार खिशात मावणारा आहे की पाटावर ठेवून वाचण्याचा, हे सारे त्या पाहू लागल्या. व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली अंकगणिते त्यांनी चाळली. भागीदारीची, व्याजाची, नाणी बदलण्याची उदाहरणे. एरवी इतिहासकार त्यांना हात लावीत नसत. बाईंनी त्यांतून प्रश्न काढला : ज्या समाजात पैसा कमावणे जरा हलके मानत, त्या समाजात हिशेब शिकवणारा मास्तर आपल्या धंद्याची प्रतिष्ठा कशी सांगत होता? या अंकगणितांवरचा त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. तुरुंगात नवरा गणित लिहीत होता त्याच वर्षी बायकोने गणिताच्या जुन्या पुस्तकांचा इतिहास छापला, असा हा संसार.

यातूनच पुढे त्यांचे ते प्रसिद्ध म्हणणे तयार झाले, की पुस्तक हे नुसते विचारांचे भांडे नाही, ते माणसामाणसांतले नाते आहे. फ्रान्सच्या खेड्यात वाचता येणारा माणूस विरळा. पण हिवाळ्याच्या रात्री शेकोटीभोवती बायका सूत कातीत, पुरुष अवजारे दुरुस्त करीत, आणि एखादा वाचणारा असला तर तो मोठ्याने वाची. ऐकणारे मध्येच अर्थ विचारीत, वाद घालीत, आपली भर टाकीत. हे वाचताना मला चातुर्मासातली आपली पोथी आठवली. वाचणारा एक, ऐकणारे वीस. आणि या विसांना निरक्षर म्हणून विचारांच्या इतिहासातून वगळायचे काय? बाई म्हणाल्या, नाही. लोरां झुबेर नावाच्या एका फ्रेंच वैद्याने १५७८ साली सामान्य लोकांच्या चुकीच्या समजुती खोडून काढण्यासाठी एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. बाईंनी तो उलटा वाचला. वैद्यबुवा ज्या समजुतींना हसले त्यांतच त्यांना सुइणींचे आणि म्हाताऱ्या बायकांचे ज्ञान सापडले. हसणाऱ्याने लिहून ठेवले म्हणून हसे झालेल्यांचे बोलणे उरले!

१९५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, मतांवरून नागरिकाचा पासपोर्ट अडवण्याचा अधिकार परराष्ट्र खात्याला नाही, असा निकाल दिला. पुढे बाईंचा फ्रान्सचा रस्ता पुन्हा मोकळा झाला. १९६२ साली चँडलर यांना टोरांटो विद्यापीठाने नोकरी दिली आणि कुटुंब कॅनडात गेले. टोरांटोलाच १९७१ साली जिल कर कॉनवे या सहकारी बाईंबरोबर त्यांनी स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू केला. तो त्या खंडातल्या अगदी पहिल्या काही अभ्यासक्रमांपैकी होता. मग काही वर्षे बर्कली, आणि १९७८ पासून १९९६ पर्यंत प्रिन्स्टन. १९८७ साली त्या अमेरिकन इतिहास परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. त्या पदावरच्या त्या दुसऱ्या स्त्री. पहिलीचे साल १९४३. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली, हे सांगायला हवे.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्यामुळे बाईंचे नाव जगभर झाले. गोष्ट तशी आपल्या ओळखीची वाटेल.

पिरिनीज डोंगरांच्या पायथ्याशी आर्तिगा नावाचे खेडे. तिथल्या मार्तां गेर नावाच्या बऱ्या घरच्या शेतकऱ्याचे लग्न लहान वयात बर्त्रांद नावाच्या मुलीशी झाले. आठ वर्षे मूल नाही. गाव म्हणे, करणी झाली. मग मुलगा झाला. १५४८ साली मार्तांवर बापाचे धान्य चोरल्याचा आरोप आला आणि तो जो घरातून निघून गेला तो गेलाच. बर्त्रांद ना सधवा, ना विधवा. नवरा मेल्याचा पुरावा नसेल तर कितीही वर्षे लोटली तरी तिला दुसरे लग्न करता येत नव्हते. १५५६ साली एक माणूस गावात आला आणि म्हणाला, मीच मार्तां. बहिणींनी ओळखले, चुलत्याने ओळखले, बर्त्रांदने घरात घेतले. तीन वर्षे संसार नीट झाला, दोन मुली झाल्या, त्यांतली एक जगली. मग जमिनीच्या हिशेबावरून चुलत्याशी बिनसले, आणि चुलता म्हणू लागला, हा मार्तां नव्हे, हा आर्नो द्यु तिल नावाचा तोतया!

खटला उभा राहिला. सुमारे दीडशे साक्षीदार. काही म्हणाले मार्तां, काही म्हणाले तोतया, आणि साठांहून अधिक म्हणाले, आम्हांला सांगता येत नाही. गावच्या चांभाराने मात्र बिनतोड साक्ष दिली : मार्तांचा पाय मोठा होता, याचा लहान आहे. वाढलेला पाय पाहिला आहे, आखडलेला कोणी पाहिला आहे काय? आरोपीने बर्त्रांदला उघड आव्हान दिले, की हिने शपथेवर सांगावे मी तिचा नवरा नव्हे, मग मला खुशाल मारा. बर्त्रांद गप्प राहिली. खालच्या कोर्टाने देहदंड सांगितला. अपील तुलूझच्या कोर्टात गेले. तिथे जां द कोरास नावाचे विद्वान न्यायाधीश होते. आरोपी सुटणार अशी लक्षणे दिसू लागली, तोच लाकडी पाय ठोकीत खरा मार्तां कोर्टात येऊन उभा राहिला! स्पेनच्या फौजेत लढताना त्याने पाय गमावला होता. १६ सप्टेंबर १५६० रोजी आर्नोला मार्तांच्या घरासमोरच फाशी दिले.

आपल्याला इथे भाऊसाहेबांचा तोतया आठवल्यावाचून राहत नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तो इसम, त्याचे १७७६ चे कोकणातले बंड आणि त्याच वर्षी झालेला त्याचा शेवट. केळकरांच्या नाटकामुळे तो घरोघर माहीत झाला. आपण त्या प्रकरणात नाना फडणीस पाहतो, फौजा पाहतो, राजकारण पाहतो. पण ज्या पार्वतीबाईंनी पानिपतानंतर वैधव्य पत्करले नाही, त्यांच्या मनात ‘भाऊ आले’ ही आवई कानी पडली तेव्हा काय झाले असेल? ते कोणत्या दप्तरात सापडणार?

डेव्हिसबाईंनी आर्तिगाच्या प्रकरणात हाच प्रश्न विचारला. १९८२ साली या कथेवर फ्रेंच चित्रपट निघाला, जेरार देपार्द्यू त्यात तोतया झाला होता. बाई चित्रपटाच्या सल्लागार होत्या. चित्रपट सुरेख झाला. पण बाईंना चैन पडेना. पडद्यावर सारेच घडलेले दिसते. ‘असेही असेल, तसेही असेल’ याला तिथे जागा नसते. ती जागा मिळावी म्हणून त्यांनी १९८३ साली पुस्तक लिहिले. चारशे वर्षे सगळे म्हणत आले होते की भोळी बर्त्रांद फसली. न्यायाधीश कोरास यांनी १५६१ साली छापलेल्या वृत्तान्तातही तसेच होते. बाई म्हणाल्या, जरा थांबा. तीन वर्षांच्या संसारात बायकोला नवरा ओळखू येऊ नये? मानी, हुशार, आठ वर्षे माहेरच्यांचा दबाव सोसूनही न वाकलेली ही बाई. तिने कदाचित सारे ओळखले असेल. कदाचित त्या दोघांनी समजून उमजून नवे लग्न रचले असेल. आणि कोर्टात ती गप्प राहिली, ती कदाचित त्याला वाचवण्यासाठीच. जिथे कागद बोलतो तिथे त्यांनी कागदाचे म्हणणे दिले. जिथे कागद थांबतो तिथे त्या गावच्या, त्या काळच्या इतर बायकांची मृत्युपत्रे, लग्नाचे करार, कज्जे पाहून असे असू शकेल असे मांडले. आणि यातला काही भाग माझ्या कल्पनेचा आहे, हे वाचकाला प्रस्तावनेतच सांगून टाकले.

यावर टीका झाली नसती तरच नवल. १९८८ साली रॉबर्ट फिन्ले नावाच्या इतिहासकारांनी अमेरिकेच्या नामांकित इतिहास-नियतकालिकात बाईंवर खरपूस लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की मूळ कागदांत बर्त्रांद फसलेलीच आहे. आजच्या बाईला जी शोभेल अशी करारी नायिका तुम्ही सोळाव्या शतकात नेऊन बसवली आहे. ‘कदाचित’ची शंभर टाके घातले तरी पुराव्याचे कापड तयार होत नाही. बाईंनी त्याच अंकात सविस्तर उत्तर दिले. आवाज न चढवता त्यांनी मुद्दा धरला, की ते मूळ कागदही कोणीतरी, काही हेतूने लिहिलेले आहेत. बर्त्रांद फसली असे म्हणण्यात कोर्टाची सोय होती, चुलत्याची सोय होती, खुद्द बर्त्रांदचीही होती. फसलेली नसती तर ती व्यभिचारी ठरती आणि तिची मुलगी अनौरस ठरती.

मला विचाराल तर फिन्लेंचा इशारा फेकून देण्यासारखा नाही. उद्या कोणीही उठेल, ‘कदाचित’ म्हणून कादंबरी लिहील आणि तिला इतिहास म्हणेल. आपल्याकडे तर पुष्कळांना ‘कदाचित’ही लिहावेसे वाटत नाही, सरळ संवादच लिहून मोकळे होतात! पण बाईंचा शब्द त्या जातीचा नाही. त्यांचा ‘कदाचित’ म्हणजे रस्त्यावर लावलेली पाटी आहे : इथपर्यंत पक्की सडक, इथून पुढे पायवाट. वाचकाला फसवायचे असते तर त्यांनी पाटीच काढून टाकली असती. अडाणी शेतकरणीने आपले मन स्वतःच्या हाताने कधीच लिहून ठेवले नाही. जे उरले ते कारकुनाच्या अक्षरात, वकिलाच्या भाषेत, न्यायाधीशाच्या शिक्क्याखाली. तेवढ्यावर तिचा निकाल लावून टाकायचा, की ती अक्षरे उजेडाकडे धरून पलीकडचे काही दिसते का ते पाहायचे, एवढाच हा प्रश्न आहे.

खुद्द त्या काळीही ही शंका कोणाला सुचली नव्हती असे नाही. प्रसिद्ध फ्रेंच निबंधकार मोंतेन याने कोरासचा वृत्तान्त वाचला होता. इतक्या गुंतागुंतीच्या प्रकरणात एका माणसाला फासावर चढवण्याइतकी खात्री न्यायाधीशाला वाटली तरी कशी, असे त्याने आपल्या एका निबंधात लिहून ठेवले. बाईंना मोंतेन जवळचा वाटावा यात नवल नाही. आणि कोरासचे काय झाले? तो प्रॉटेस्टंट मताचा. १५७२ साली धर्मवेड्यांनी तुलूझमध्ये त्याचा बळी घेतला. ज्यांना पक्की खात्री होती त्यांनी!

पुढची चाळीस वर्षे बाई अशीच माणसे शोधत राहिल्या. राजाकडे खुनाची माफी मागणारे अर्ज त्यांनी वाचले, आणि लेखनिकापुढे बसून आपली हकीकत रचणाऱ्या आरोपींतला गोष्टीवेल्हाळ माणूस दाखवला. सतराव्या शतकातल्या तीन बायकांची चरित्रे एकत्र लिहिली : आत्मकथा लिहिणारी ज्यू व्यापारीण ग्लिकल, कॅनडात गेलेली जोगीण मारी, आणि १६९९ साली मुलीला बरोबर घेऊन सुरवंट नि फुलपाखरे रंगवण्यासाठी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेलेली मारिया सिबिला मेरियन. २००६ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हसन अल्-वझ्झानवर ग्रंथ काढला. हा मोरोक्कोचा मुसलमान वकील १५१८ साली समुद्री चाच्यांच्या हाती सापडला, पोपला नजर केला गेला, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला, त्याने आफ्रिकेचे वर्णन इटालियन भाषेत लिहिले, आणि काही वर्षांनी तो पुन्हा आपल्या मुलखाकडे निघून गेला. याने एका पक्ष्याची गोष्ट सांगितली आहे. पक्ष्यांचा राजा कर मागायला आला की हा पाण्यात शिरून म्हणे मी मासा, आणि माशांचा राजा आला की उडून म्हणे मी पक्षी. तो मुसलमान राहिला की ख्रिस्ती झाला? बाईंचे उत्तर तुम्ही ओळखलेच असेल.

२०१० साली बाईंना नॉर्वेचे होल्बर्ग पारितोषिक मिळाले. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना राष्ट्रीय पदक दिले. ज्या सरकारने पासपोर्ट नेला त्याच सरकारने पदक दिले. आणि ज्या विद्यापीठाने चँडलर यांना काढले, तिथल्या प्राध्यापकांनी पुढे त्यांच्या व त्यांच्यासारख्या आणखी दोघांच्या नावे विद्यास्वातंत्र्यावरची वार्षिक व्याख्यानमाला सुरू केली. चँडलर २०२२ साली गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा संसार. वर्षाच्या अंतराने बाईही गेल्या.

एक गोष्ट मात्र मनात राहते. ती समिती टेबलामागे बसून विचारीत होती, हो की नाही, एवढेच सांगा. आर्तिगाच्या प्रकरणातल्या कोर्टानेही तेच विचारले होते. दोन्हीकडे शिक्षा तयार होती, फक्त उत्तर हवे होते. ज्या बाईने आपल्या घरातच अशा प्रश्नाची किंमत मोजली, तिने जन्मभर मेलेल्या माणसांना तसा प्रश्न विचारला नाही. त्यांना बोलायला वेळ दिला, गप्प राहायची मुभा दिली, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावताना आपले मत त्यांच्या तोंडी घातले नाही. जिवंत माणसांना एवढी सवलत देणारे कितीजण भेटतात?

दिवाळीत पाहुणे येतील, गप्पा रंगतील, अमका असाच नि तमकी तशीच असे निकाल फराळाबरोबर भराभर लागतील. चकलीचा तुकडा मोडता मोडता एखाद्या वेळी ‘कदाचित’ म्हणून पाहावे. गप्पांची चव जाणार नाही.